वाचकांचे प्रश्न: लॅपटॉपमधलं ‘होम’ बदलून ‘प्रो’ करताना

अंबड एमआयडीसीत माझं छोटं वर्कशॉप आहे. तिथल्या लॅपटॉपवर टॅली आहे, विंडोज ११ होम सिंगल लँग्वेज आहे. संध्याकाळी घरच्या लॅपटॉपवरून तेच टॅली उघडायचं तर विंडोजचं ‘प्रो’ एडिशन लागतं म्हणे. दोन्ही लॅपटॉप फॉरमॅट करावे लागतील का?
— वाचक, सिडको

फॉरमॅट एकही करायचा नाही, आणि प्रोसुद्धा एकाच लॅपटॉपवर लागेल. विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपमध्ये ज्या मशीनमध्ये बाहेरून शिरायचं, त्यावर प्रो हवं. जिथून शिरायचं तिथे होम चालतं. म्हणजे लायसन्स फक्त वर्कशॉपच्या लॅपटॉपसाठी घ्या.

पैसे भरण्याआधी एक गोष्ट मात्र ध्यानात घ्या. प्रोमध्ये एका वेळी एकच माणूस काम करू शकतो. तुम्ही घरून शिरलात की वर्कशॉपमधली स्क्रीन लॉक होते. तुमचा अकाउंटंट त्या वेळी तिथे बिलं टाकत बसला असेल, तर त्याचं काम तिथेच थांबेल. दोघांना एकदम काम करायचं असेल तर प्रो घेऊन प्रश्न सुटणार नाही. टॅलीचं एकापेक्षा जास्त जणांसाठीचं लायसन्स आणि त्याला साजेशी व्यवस्था लागेल. तुमचं काम अकाउंटंट गेल्यानंतरचं असेल, तर प्रो पुरेसं आहे.

आता प्रत्यक्ष बदल. आधी टॅलीच्या डेटाचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घ्या. एडिशन बदलताना फाइली आणि प्रोग्रॅम जागेवर राहतात, तरी बॅकअप घ्याच. मग सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’खाली डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद ठेवणारी सोय) चालू आहे का पाहा. असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यातून काढून कागदावर उतरवा. एडिशन बदलताना ती सहसा विचारली जात नाही, पण कधी विचारलीच आणि हाताशी नसली तर डिस्कवरचा डेटा उघडत नाही. हा कागद लॅपटॉपच्या बॅगेत ठेवू नका.

चार्जर लावून ठेवा, वीज गेली तर बॅटरी सांभाळून घेईल. ‘सेटिंग्ज’, ‘सिस्टिम’, ‘अ‍ॅक्टिव्हेशन’ इथे जाऊन ‘चेंज प्रॉडक्ट की’ दाबा आणि २५ अक्षरी की टाका. पाच-पाचचे पाच गट असतात. या कीमध्ये शून्य, एक आणि पाच हे आकडे कधीच नसतात. ओ, आय आणि एस ही अक्षरंही नसतात. शून्य आहे की ओ, असा प्रश्न पडला तर दोन्ही चूक. बहुधा ते डी किंवा क्यू असेल. बी आणि आठ, जी आणि सहा मात्र खरंच दोन्ही येतात, ते नीट पाहा. की स्वीकारली की लॅपटॉप एक-दोनदा रीस्टार्ट होतो. मधे बटण दाबून बंद करू नका.

की बरोबर असूनही 0x803FA067 असा एरर आला, तर इंटरनेट बंद करा, मायक्रोसॉफ्टने दिलेली सर्वसाधारण प्रो की टाकून एडिशन आधी बदलून घ्या, रीस्टार्ट करा, मग इंटरनेट जोडून आपली विकत घेतलेली की टाका. त्या सर्वसाधारण कीने फक्त एडिशन बदलतं, अ‍ॅक्टिव्हेशन होत नाही.

प्रो झाल्यावर ‘सिस्टिम’मध्येच रिमोट डेस्कटॉप चालू करा. घरून लॉगिन करताना चार आकडी पिन चालत नाही, खात्याचा पूर्ण पासवर्ड लागतो. बहुतेकांचं गाडं इथेच अडतं. वर्कशॉपचा लॅपटॉप झोपी गेला तरी जोडणी होत नाही, म्हणून चार्जिंगवर असताना ‘स्लीप’ला ‘नेव्हर’ ठेवा. आणि कुणी राउटरवर ३३८९ पोर्ट उघडून द्यायला तयार झालं तर स्पष्ट नाही म्हणा. सगळ्या जगाला माहीत असलेलं ते दार आहे. व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरचा सुरक्षित खासगी रस्ता, लावूनच आत शिरा.

काही शे रुपयांत प्रोची की मिळाली, अ‍ॅक्टिव्हेटही झाली. पाच-सहा महिन्यांनी ‘लायसन्स लवकरच संपेल’ असा मेसेज येतोय. विकणारा फोन उचलत नाही.
— वाचक, कॉलेज रोड

ही बहुतेक केएमएस पद्धतीची की आहे. मोठ्या कंपन्या आपल्या शेकडो मशीनसाठी अशी सोय वापरतात. कंपनीच्या सर्व्हरशी गाठ पडली नाही, तर १८० दिवसांनी मुदत संपते. स्टार्टमध्ये इंग्रजीत ‘slmgr’ लिहून एक जागा सोडा, तिरकी रेघ (/) देऊन ‘xpr’ लिहा आणि एंटर दाबा. खिडकीत तारीख दिसली तर की उसनी आहे. कायमच्या लायसन्सला ‘पर्मनंटली अ‍ॅक्टिव्हेटेड’ असं येतं.

उपाय दोन. खरी प्रो की घेऊन त्याच ‘चेंज प्रॉडक्ट की’मध्ये टाका, बाकी काही हलवावं लागणार नाही. किंवा होमवर परत या, पण त्यासाठी विंडोज नव्यानेच टाकावं लागतं. प्रोवरून होमवर सरळ उतरण्याची सोय नाही. लॅपटॉप होमसकट घेतला असेल तर त्याची की मदरबोर्डमध्येच असते आणि नवं इन्स्टॉलेशन ती आपोआप उचलतं. होमचे वेगळे पैसे पडत नाहीत.

नव्या लॅपटॉपवर श्रीलिपी टाकताच येत नाही. ‘सिंगल लँग्वेज’ असल्यामुळे मराठी चालत नाही, प्रो घ्या, असं दुकानात सांगितलं.
— शिक्षिका, पंचवटी

बाई, प्रो घेऊ नका. ‘सिंगल लँग्वेज’चा अर्थ विंडोजचे मेनू एकाच भाषेत, इतकाच. मराठी टायपिंगला त्याची आडकाठी नाही. विंडोजचा मराठी फोनेटिक कीबोर्डसुद्धा भाषेच्या सेटिंगमधून तिथे घालता येतो.

तुमच्या लॅपटॉपवर बहुधा ‘एस मोड’ आहे. त्यात फक्त मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधले प्रोग्रॅम चालतात. अ‍ॅक्टिव्हेशनच्या पानावर ‘एस मोड’ लिहिलेलं दिसेल. तिथून स्टोअर उघडा आणि ‘स्विच आउट ऑफ एस मोड’च्या पानावर ‘गेट’ दाबा. फुकट आहे, पण परत एस मोडमध्ये जाता येत नाही. शेजारीच ‘अपग्रेड युवर एडिशन’ असतं, ते पैसे भरून प्रो घेण्याचं. तिकडे जाऊ नका.

इंटेलच्या सहाव्या पिढीचा लॅपटॉप, विंडोज १० होम. प्रो घेतलं तर विंडोज ११ मिळेल का?
— वाचक, नाशिक रोड

नाही. होम-प्रो हे एडिशन, १०-११ हे व्हर्जन, दोन्ही वेगळी. ११ साठी इंटेलची आठवी किंवा पुढची पिढी, टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि सिक्युअर बूट ही सुरक्षित सुरुवातीची सोय लागते, एडिशन कोणतंही असो. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. वाढीव सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात, होमलाही. त्यासाठी ‘विंडोज अपडेट’च्या पानावर नोंदणी करा. विंडोज १० चं २२एच२ हे उप-व्हर्जन नसेल तर नोंदणीचा दुवा दिसत नाही, म्हणून आधी ते अपडेट करून घ्या. प्रोसाठी बाजूला ठेवलेले पैसे पुढच्या लॅपटॉपसाठी राहू द्या.