वाचक विचारतात : भरलेल्या बॅटरीची गाडी घाटात का धावत सुटते?

प्रश्न : आम्ही नेकनूरला राहतो. जुनी डिझेलची गाडी विकून या वर्षी विजेवर चालणारी गाडी घेतली. ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की ती आपोआप मंदावते आणि त्याची आता सवयही झाली आहे. मात्र सकाळी बीडला जाताना मांजरसुंब्याचा घाट उतरू लागलो की ती मुळीच अडत नाही. पाय उचलला तरी धावत सुटते आणि ब्रेक सारखा दाबून धरावा लागतो. संध्याकाळी परतताना मात्र तीच गाडी कोणत्याही उतारावर व्यवस्थित अडते. सर्व्हिस सेंटरमध्ये दोष सापडला नाही. मग हे काय आहे?
– एक वाचक, नेकनूर, जि. बीड

उत्तर : आपण पत्रात लिहिलेले नाही, परंतु गाडी रात्रभर घरी चार्जिंगला लावून सकाळी १०० टक्के बॅटरीवर आपण निघत असाल, असा माझा अंदाज आहे. तसे असेल तर गाडीत बिघाड नाही. ती जसे वागायला हवे तसेच वागते आहे. तक्रार करायचीच तर ती गाडी देताना ही गोष्ट न सांगणाऱ्या विक्रेत्याविषयी करावी. पडद्यावर गाणी कशी लावायची हे अर्धा तास समजावून सांगणारी मंडळी नेमके हेच सांगायला विसरतात.

ॲक्सिलरेटरवरून पाय उचलल्यावर गाडी मंदावते, कारण त्या क्षणी तिची मोटर जनित्राचे काम करू लागते. चाकांची गती विजेत रूपांतरित होऊन बॅटरीत परत जाते आणि जनित्र फिरवण्यासाठी लागणारा जोर चाकांना मागे ओढतो. यालाच सर्वजण ‘रीजन’ म्हणतात. परंतु ही वीज साठवायला बॅटरीत जागा असली पाहिजे. पूर्ण भरलेल्या बॅटरीतील प्रत्येक सेल आपल्या व्होल्टेजच्या वरच्या मर्यादेला टेकलेला असतो. त्यात आणखी वीज ढकलली तर सेल खराब होतो. म्हणून बॅटरीवर देखरेख करणारी यंत्रणा रीजन कमी करते किंवा पूर्ण बंद करते. संध्याकाळपर्यंत बॅटरी बरीच उतरलेली असते, त्यामुळे तीच गाडी पुन्हा अडू लागते. कडाक्याच्या थंडीतही असा अनुभव येऊ शकतो, कारण गार पडलेल्या सेलमध्ये वेगाने वीज भरणे घातक असते. परभणीकडे पारा दहा अंशांच्या खाली उतरतो अशा पहाटे गाडी थोडी मोकळी धावल्यासारखी वाटली, तर त्याचे कारण हेच समजावे.

उपाय सोपा आहे. सुमारे १,५०० किलो वजनाची गाडी २०० मीटर खाली उतरली, तर तिच्या उंचीतून मोकळी होणारी ऊर्जा सगळी मिळून ०.८ युनिटच्या आसपास भरते, आणि त्यातलाही काही भाग हवा व टायर खातात. आपली बॅटरी ४० युनिटांची धरली तरी हे प्रमाण दोन टक्के होते. म्हणजे चार्जिंग ९० टक्क्यांवर थांबवले, तर घाटातील सगळी वीज सामावून घेण्यापुरती जागा उरते. बहुतेक गाड्यांमध्ये ही मर्यादा पडद्यावरून किंवा मोबाइलवरून ठरवता येते. ती सोय नसेल, तर चार्जिंग उशिरा सुरू होईल अशी वेळ लावावी.

इथे एक अडचण आहे. लोह-फॉस्फेट प्रकारची बॅटरी असल्यास ती ठराविक काळाने १०० टक्के भरावी, असे अनेक उत्पादक सांगतात आणि त्यात तथ्य आहे. या बॅटरीचे व्होल्टेज चार्ज कमी-जास्त झाला तरी फारसे बदलत नाही, त्यामुळे नेमके किती टक्के उरले याचा यंत्रणेचा हिशेब हळूहळू चुकत जातो आणि पूर्ण भरल्यावरच तो जुळतो. तेव्हा पूर्ण चार्जिंगसाठी असा दिवस निवडावा, की दुसऱ्या दिवशी सकाळी घाट न उतरता केजकडे जायचे असेल.

तरीही भरलेल्या बॅटरीने घाट उतरावाच लागला, तर आधीच वेग कमी करून उतरावे आणि ब्रेक सतत घासत न ठेवता थांबून थांबून, पण ठामपणे दाबावा. डिझेलच्या गाडीत खालचा गिअर टाकून इंजिनाचा आधार घेता येत होता, तो इथे नाही. आणि उतारावर गाडी न्यूट्रलला टाकून डिझेल वाचवण्याची आपल्याकडची जुनी खोड तर कायमची सोडावी. ती मुळातच धोक्याची होती; या गाडीत तिच्यामुळे फुकट मिळणारी वीजही हातची जाते.

प्रश्न : आमच्या घरी औशाला हिवाळ्यात गाडी रात्रभर बिनतक्रार चार्ज होत असे. एप्रिलपासून मात्र चार्जर कधी लाल दिवा दाखवतो, कधी मध्येच थांबतो. हाच चार्जर लातूरला भावाच्या घरी लावला, तर व्यवस्थित चालतो. वायरमन म्हणतो की चार्जरच नाजूक आहे, आणि तो सॉकेटमध्ये एक वायर जोडून हे कायमचे मिटवून द्यायला तयार आहे. जोडून घ्यावी का?
– एक वाचक, औसा, जि. लातूर

उत्तर : कृपया जोडू देऊ नका. ती वायर बहुधा सॉकेटमधील न्यूट्रल आणि अर्थिंग यांना एकत्र बांधणारी असेल. त्याने लाल दिवा जाईल, परंतु पुढे कधी घराकडे येणारी न्यूट्रल तार तुटली किंवा सैल झाली, तर गाडीच्या पत्र्यावर थेट २३० व्होल्ट येऊ शकतात. अंगणात अनवाणी उभे राहून दार उघडणाऱ्या माणसासाठी याचा अर्थ काय होतो, हे वेगळे सांगायला नको.

चार्जर नाजूक नाही, काटेकोर आहे. अर्थिंग धड नसेल तर तो वीज सोडतच नाही. फ्रिज आणि पंखे मात्र अर्थिंग नसतानाही वर्षानुवर्षे चालतात. त्यामुळे घरातील अर्थिंग निकामी आहे, हे कित्येकांना ही गाडी आल्यावर प्रथम कळते. आपल्याकडे ते उन्हाळ्यातच का बिघडावे, याचे उत्तर मातीत आहे. ओली माती वीज वाहून नेते, कोरडी माती अडवते. त्यात आपली काळी माती वाळली की आकसते, तिला भेगा पडतात आणि जमिनीत पुरलेल्या पाइपाभोवती पोकळी तयार होते. पावसाळ्यात आणि हिवाळ्यात बरे असलेले अर्थिंग एप्रिल-मेमध्ये नावापुरते उरते ते यामुळे.

अर्थिंगचा खड्डा कुठे आहे ते आधी शोधा. अनेक घरांत त्यावर फरशी बसवलेली सापडते. कोळसा आणि मीठ घातलेला जुना खड्डा असेल, तर त्यात वरून पाणी सोडून पाहा. सलग काही दिवस पाणी दिल्यावर चार्जिंग सुरळीत झाले, तर निदान पक्के झाले. मग चार्जरसाठी स्वतंत्र अर्थिंग करून घ्यावे, मीटरपासून पुरेशा जाडीची वेगळी वायर आणावी आणि गळतीचा प्रवाह ओळखून वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा ब्रेकर बसवावा. काम झाल्यावर चार्जिंग सुरू असताना न्यूट्रल आणि अर्थिंग यांच्यामधील व्होल्टेज वायरमनला मोजून दाखवायला सांगा. एक-दोन व्होल्ट दिसणे स्वाभाविक आहे; आकडा बराच मोठा असेल तर काम अपुरे आहे, आणि भार चालू असतानाही तो नेमका शून्य असेल, तर सॉकेटमध्ये ती वायर कोणी जोडली तर नाही ना, अशी शंका घ्यावी.

प्रश्न : मे महिन्यात जलद चार्जिंग करून घरी आल्यावर गाडी बंद केली, तरी पुढच्या बाजूने पंख्याचा मोठा आवाज बराच वेळ येत राहतो. घरातील वडीलधाऱ्यांना आग लागेल अशी भीती वाटते.
– एक वाचक, नांदेड

उत्तर : गाडी आपली तापलेली बॅटरी थंड करत आहे. आपल्याकडे ४२ अंशांच्या दुपारी जलद चार्जिंग केल्यावर हे व्हायलाच हवे. गाडीवर लगेच आच्छादन घालू नये, एवढे पुरे. धूर, जळका वास किंवा पडद्यावर धोक्याची सूचना असेल, तरच गाडीपासून दूर व्हावे आणि मदत मागवावी.

प्रश्न : गाडी ७० टक्के चार्ज असताना लग्नासाठी दोन आठवडे पुण्याला गेलो. परत आलो तर गाडी किल्लीला दादच देईना. एवढी वीज गेली कुठे?
– एक वाचक, परभणी

उत्तर : ती वीज जागेवरच आहे. दारांची कुलुपे, पडदा आणि मुख्य बॅटरीला मोटरशी जोडणारे स्विच हे सगळे १२ व्होल्टच्या लहान बॅटरीवर चालतात, आणि उतरली आहे ती हीच. गाडी चालू असते तेव्हा मुख्य बॅटरी तिला भरत असते. बंद गाडीत हे काम काही मॉडेलमध्ये पूर्णच थांबते. त्यातच परगावी बसून मोबाइलवर गाडीचे टक्के पुन्हा पुन्हा पाहिले, तर प्रत्येक वेळी गाडी जागी होते आणि लहान बॅटरी आणखी उतरते. बाहेरून बसवलेला डॅशकॅमही हेच करतो.

किल्लीच्या आत लपवलेली साधी चावी ओढून काढा आणि चालकाचे दार उघडा. त्यानंतर पुस्तिकेत दाखवलेल्या जागी दुसऱ्या १२ व्होल्टच्या बॅटरीचा आधार दिला की गाडी जागी होईल. बॅटरी तीन-चार वर्षांची झाली असेल, तर बदलून टाकावी. एक सौजन्य मात्र टाळावे : शेजाऱ्याची डिझेलची गाडी बंद पडली, तर आपल्या गाडीवरून तिला स्टार्ट देऊ नये. डिझेल इंजिनाचा स्टार्टर काही क्षण शेकडो अँपिअर खेचतो आणि ही लहान बॅटरी त्या कामासाठी बनवलेली नसते. अनेक गाड्यांच्या पुस्तिकांमध्ये त्याला स्पष्ट मनाई असते.