सात वर्षं उभी असलेली १९८६ची पोर्शे ९४४ घ्यावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ओहायोतल्या कोलंबसपासून तासाभरावर एका शेतावरच्या कोठारात १९८६ची साधी, टर्बो नसलेली पोर्शे ९४४ सात वर्षं उभी आहे. मालक ३५०० डॉलर मागतोय आणि ‘बेल्ट तेवढा बदलला की चालेल’ म्हणतोय. तुमच्याकडे एका गाडीपुरतं गॅरेज आहे, शनिवार-रविवार मोकळे आहेत, पण ऑइल आणि ब्रेक पॅड बदलण्यापलीकडे आजवर काही केलेलं नाही. पहिला प्रोजेक्ट म्हणून ही गाडी घ्यावी का?

या भावात घेऊ नका. बघायला मात्र जरूर जा, कारण कोठाराबाहेर पडायच्या आतच तिची खरी किंमत ठरवता येते. मी २००९ साली १९८७ची ९४४ घेतली, ती आजही माझ्याकडे आहे. तिच्यामुळे जे शिकलो तेच लिहितो.

आधी त्या ‘बेल्ट तेवढा’बद्दल. या इंजिनात टायमिंग बेल्ट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा ताळमेळ राखणारा पट्टा, तुटला किंवा त्याचा दात सुटला, तर उघडे राहिलेले व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकतात. बेल्ट रबराचा असतो. गाडी पळो की उभी राहो, त्याचं वय वाढतच असतं. साधारण ३० हजार मैल किंवा चार-पाच वर्षं, यातलं जे आधी होईल तेव्हा तो बदलायचा, असा आम्ही ९४४ वापरणारे नियम पाळतो. मला विकणाऱ्याने बेल्ट दोन वर्षांपूर्वीच बदललाय असं सांगितलं. पावती नव्हती. माणूस चांगला वाटला म्हणून विश्वास ठेवला आणि दहा दिवस मजेत चालवली. अकराव्या दिवशी सिग्नलला इंजिन बंद पडलं ते पडलंच. हेड, म्हणजे व्हॉल्व्ह असतात तो इंजिनचा वरचा भाग, उतरवलं तेव्हा आठपैकी सहा व्हॉल्व्ह वाकलेले निघाले. सुटे भाग आणि हेडचं मशीनिंग मिळून पंधराशे डॉलर आणि तीन महिन्यांचे शनिवार-रविवार गेले. तेव्हापासून पावती नसेल तर बेल्ट बदललेलाच नाही असं धरून चालतो.

म्हणून मालक म्हणाला की ‘बॅटरी लावून स्टार्ट करून दाखवतो’, तर त्याला थांबवा. किल्ली फिरवू देऊ नका. स्पार्क प्लग काढा, क्रँकच्या, म्हणजे इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, बोल्टला सॉकेट लावा आणि इंजिन हाताने, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, सावकाश दोन पूर्ण फेरे फिरवून बघा. सहज फिरलं तर आशा आहे. मध्येच कशावर तरी अडलं तर जोर करू नका. तिथे आधीच काहीतरी बिघडलेलं आहे, आणि मग ती गाडी फक्त सुट्या भागांच्या भावाची.

या इंजिनाला बेल्ट एक नाही, दोन असतात. अडीच लिटरचं चार सिलिंडर म्हणजे नुसतं चाललं तर हादरणारं इंजिन. त्यासाठी आत दोन बॅलन्स शाफ्ट आहेत आणि त्यांना वेगळा बेल्ट. तोही बदलायचा, सोबत वॉटर पंप, रोलर आणि पुढची ऑइल सीलं. ८७च्या मॉडेलपासून मुख्य बेल्टला आपोआप ताण देणारा स्प्रिंगचा टेन्शनर आला. तुमच्या ८६ला ताण हातानेच लावावा लागतो आणि तो मोजायला खास उपकरण लागतं. ते विकत घेऊ नका, एखाद्या जुन्या पोर्शेवाल्याकडून उसनं मिळतं. पहिल्यांदा करताना तीन शनिवार-रविवार धरा.

नंतर कूलंटच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या, टाकीचं झाकण उघडा. आत दुधाळ तपकिरी चिखल दिसला तर बहुतेक लोक हेड गॅस्केट (हेडखालचं सील) गेलं म्हणून हात टेकतात. या गाडीत बऱ्याचदा दोष असतो ऑइल कूलरच्या सीलांचा. तिथे ऑइल आणि पाणी शेजारी-शेजारी वाहतं आणि जुनं सील गेलं की एकमेकांत मिसळतं. सीलं अगदी स्वस्त आहेत. पण तो चिखल होजपाइपांतून आणि रेडिएटरमधून धुऊन काढायला मला सात-आठ वेळा पाणी बदलावं लागलं होतं. भाव पाडायला हे उत्तम कारण आहे, पण एवढ्यावरून गाडी सोडू नका.

ओहायोत राहून गंजाबद्दल बोललं नाही असं कसं होईल? हिवाळ्यात रस्त्यावर मीठ पडतं, त्यात त्या काळातल्या कितीतरी गाड्या खालून विरघळून गेल्या. ९४४चा पत्रा दोन्ही बाजूंनी जस्त चढवलेला आहे, म्हणून ती टिकली. तरीही एक जागा नक्की बघा. बोनेट उघडल्यावर मागे, पॅसेंजरच्या बाजूला, बॅटरीचा ट्रे असतो. ॲसिड सांडून तो कुजतो आणि पावसाचं पाणी थेट आत पॅसेंजरच्या पायाशी उतरतं. ८६च्या गाडीत इंजिनचा कॉम्प्युटर नेमका तिथेच, कार्पेटखाली असतो. हात घालून चाचपा. ओल लागली किंवा कुबट वास आला तर ट्रे काढून खाली टॉर्च मारा. मागच्या काचेच्या दाराचं सील आणि दाराखालच्या पट्ट्याही बघा. डॅशबोर्डला भेगा असतील, त्याकडे लक्ष देऊ नका. जवळजवळ सगळ्याच ९४४च्या डॅशबोर्डला भेगा असतात.

क्लचचं लिहिताना मला अजूनही पाठदुखी आठवते. या गाडीचं इंजिन पुढे आणि गिअरबॉक्स मागच्या चाकांशी आहे, मध्ये लांब नळीतून शाफ्ट जातो. त्यामुळे वजन पुढे-मागे जवळपास समान वाटलं जातं आणि वळणावर ती इतकी निवांत असते की शब्दात सांगणं कठीण. पण क्लच बदलायचा तर एक्झॉस्ट उतरवा, गिअरबॉक्स काढा, ती नळी मागे सरकवा, तेव्हा कुठे क्लच दिसतो. मूळ क्लच डिस्कच्या मध्यभागी रबर आहे. चाळीस वर्षांत ते फाटतं आणि एक दिवस इंजिन चालतं पण गाडी हलत नाही. क्लच कधी बदलला याची पावती नसेल तर त्या कामाचे पैसे किमतीतून वजा करा. मेकॅनिककडे दिलं तर हे काम म्हणजे दहा तासांहून जास्त मजुरी.

सात वर्षांचं पेट्रोल टाकीत असेल तर ते संपूर्ण काढून टाकायचं. इंजिनवरचे पेट्रोलचे रबरी होज सर्वांत आधी, इंजिन चालू करायच्या आधी बदलायचे. तडकलेल्या होजमधून गरम इंजिनवर पेट्रोल पडून गाड्या जळालेल्या आहेत. घराला लागून असलेल्या गॅरेजमध्ये काम करताना अग्निशामक हाताशी हवाच. घरात लहान मुलं असतील तर हे जास्तच लक्षात ठेवा.

कागद: टायटल, म्हणजे गाडीच्या मालकीचा दाखला, विकणाऱ्याच्याच नावावर हवं आणि त्यावरचा नंबर पुढच्या काचेखालच्या पट्टीवरच्या नंबराशी जुळायला हवा. ‘टायटल हरवलंय, नंतर देतो’ असं ऐकलं तर नमस्कार करून परत या. मग गाडी कितीही सुंदर असो.

आता भाव. बंद गाडीत बेअरिंगांची अवस्था कळत नाही. ९४४मध्ये दोन नंबरच्या सिलिंडरचं रॉड बेअरिंग (पिस्टनचा दांडा क्रँकला जोडतो तिथलं) जाण्याची सवय आहे, आणि ऑइल प्रेशर फक्त चालत्या, गरम इंजिनवर बघता येतं. ही जोखीम तुमची, म्हणून पैसे त्याने सोडायला हवेत. टायटल स्वच्छ, इंजिन हाताने फिरतंय, पत्रा चांगला, एवढं जमलं तर मी १५०० देईन, फार तर १८००. त्यापुढे नाही. माझ्या वहीत २२०० डॉलरच्या गाडीवर पहिल्या सहा वर्षांत ९४०० खर्च झाल्याची नोंद आहे, आणि त्यात माझी मजुरी धरलेली नाही. त्या पैशात २००९ साली पावत्यांची जाडजूड फाइल असलेली चालती ९४४ सहज आली असती.

एक प्रश्न स्वतःला आणि घरच्यांनाही प्रामाणिकपणे विचारा: तुम्हाला गाडी चालवायची आहे की दुरुस्त करायची आहे? चालवायचीच ओढ असेल तर १९९० ते ९७मधली पहिली माझदा मियाटा ही छोटी दोन सीटची गाडी बघा. तिचा बेल्ट तुटला तरी व्हॉल्व्ह पिस्टनला लागत नाहीत, नवा बेल्ट टाकून पुढे जाता येतं. नवख्याच्या चुका ती पोटात घालते. दुरुस्तीचीच आवड असेल तर ९४४सारखा गुरू नाही. टर्बो आणि सोळा व्हॉल्व्हची ९४४ एस मात्र पहिल्या खेपेला नकोच.

पुढेमागे पुण्याला न्यायचा विचार लिहिलाय, तो सोडून द्या. भारतात वापरलेली गाडी आणायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही आणि स्टिअरिंग उजवीकडे लागतं. ही गाडी इथलीच. झेन्सव्हिलहून दक्षिणेला जाणारा ५५५ नंबरचा रस्ता तिच्यासाठीच केलाय असं मला दर वसंतात वाटतं.

शनिवारी जाताना टॉर्च, सॉकेट सेट, प्लगचा पाना आणि जुने कपडे घेऊन जा. रोख पैसे घरीच ठेवा, म्हणजे तिथल्या तिथे भुरळ पडणार नाही. इंजिन हाताने किती फेरे फिरलं आणि बॅटरीच्या ट्रेखाली काय दिसलं, तेवढं मला कळवा. गाडी आणायचं ठरलं तर चालवत आणू नका. माझा ट्रेलर आहे, डेटनहून घेऊन येईन.