गालांवरची लाली आणि प्रकाशोपचार

प्रश्न: रोझेशिया या त्वचाविकारामुळे माझे गाल आणि नाक सतत लाल असतात, बारीक रक्तवाहिन्याही दिसतात. वर्ण सावळा आहे. आयपीएल (तीव्र प्रकाशाच्या झोतांचा उपचार) घ्यावे का? लाली कायमची जाईल?

उत्तर: दिसणाऱ्या रक्तवाहिन्या आणि टिकून राहिलेली लाली यांवर या उपचाराचा चांगला उपयोग होतो, पुळ्यांसाठी मात्र मेट्रोनिडाझोल किंवा आयव्हरमेक्टिनचे मलमच बरे. रक्तातले हिमोग्लोबिन प्रकाश शोषते, तापते आणि त्या उष्णतेने रक्तवाहिनी बंद पडते. पण त्वचेला रंग देणारे मेलॅनिनही तोच प्रकाश शोषते. म्हणूनच सावळ्या त्वचेवर आयपीएलने भाजण्याचा, काळे डाग पडण्याचा धोका जास्त. तुमच्यासाठी १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीचा एनडी-याग लेसर तुलनेने सुरक्षित. तोही आधी कानाजवळच्या छोट्या जागेवर करून पाहावा आणि काही आठवडे थांबून मगच पूर्ण चेहऱ्यावर घ्यावा. ही चाचणी टाळणाऱ्याकडे उपचार घेऊच नका.

साधारण ३ ते ५ बैठका लागतात, दोन बैठकांत ३-४ आठवड्यांचे अंतर. आधीचे चार आठवडे ऊन टाळा. रापलेल्या त्वचेवर उपचार करू नयेत. आयसोट्रेटिनॉइन (मुरुमांवरचे औषध) किंवा त्वचेला प्रकाशाचा त्रास जास्त होऊ देणारी औषधे चालू असतील तर आधीच सांगा. डोळ्यांवर संरक्षक झाकण हवेच. नंतर एक-दोन दिवस सूज, लाली राहते. थंड पट्टी ठेवा. फोड आले तर लगेच डॉक्टरांना दाखवा.

लाली कायमची जात नाही. रोझेशियाची प्रवृत्ती राहतेच, नव्या रक्तवाहिन्या उमटतात, त्यामुळे वर्षा-दोन वर्षांनी एखादी बैठक पुन्हा लागू शकते. रोजचे एसपीएफ ३०चे सनस्क्रीन चुकवू नका.