मार्चमध्ये लॉन? जरा थांबा

प्रश्न : ताई नमस्कार, आम्ही इंदूरला असतो, दिवाळीनंतर स्वतःच्या घरात आलो, पुढे पंधरा बाय वीसचा मोकळा तुकडा आहे, सगळी काळी माती. हे रिटायर झालेत आणि दिवसभर मोबाईलवर विलायती लोकांचे बागेचे व्हिडिओ बघतात, त्यात म्हणे स्प्रिंग आला की सगळं लावायचं, म्हणून रंगपंचमीची गेर (रंगांची मिरवणूक) झाली की लगेच लॉन लावायचं ठरलंय, माळी पण तयार आहे. मी दोनदा कोथिंबीर पेरली, एकदा उगवलीच नाही, दुसऱ्यांदा वीतभर होऊन फुलावर आली. पिटुनिया खालून पिवळा पडतोय, पुदिना दोनदा मेला. काय चुकतंय?

उत्तर : अहो, तो व्हिडिओ दुसऱ्याच्या गावचा आहे, एवढंच. तिकडे बर्फ वितळून जमीन आत्ता कुठे जागी होते आणि पुढे कितीतरी महिने मऊ ऊन असतं, आपल्याकडे वसंत पंचमी झाली की ऊन चढायलाच लागतं, माळव्यातल्या रात्री गार म्हणून आपण फसतो पण गुढीपाडव्याला दुपार भाजायला लागलेली असते. आपल्या लावणीच्या वेळा दोन, पाऊस पडल्यावर आणि पाऊस संपल्यावर.

माळी तयार असणारच, त्याला काय, आत्ता लावलेलं मेमध्ये जळलं की जूनमध्ये परत त्यालाच बोलवाल. आणि उन्हाळाभर रोज लॉनला पाणी द्यायचं म्हणजे नर्मदाकाठच्या जलूदहून पंपाने घाट चढवून आणलेलं नर्मदेचं पाणी मातीत ओतायचं, मला तर जिवावर येतं. पण यजमानांना रिकामं बसवू नका. आत्ता तो तुकडा कोरडा असतानाच फूटभर खोल खणून घ्या आणि ढेकळं तशीच उन्हात पडू द्या. काळ्या मातीत मोथा हे चिवट तण असतंच, वरून कितीही उपटा, खाली त्याच्या गाठी राहतात आणि आठवड्यात परत हिरवा, त्या गाठी एप्रिल-मेच्या उन्हात वर पडल्या की वाळून मरतात. मधून मधून पाणी मारायचा मोह होईल, मारू नका. जूनच्या सुरुवातीला ढेकळं फोडून भरपूर जुनं शेणखत किंवा घरच्या ओल्या कचऱ्याचं खत मिसळा (इंदूरकरांना ओला-सुका वेगळा करायला काय शिकवायचं!). नुसती दोन-चार पाट्या वाळू घालून काही होत नाही, उलट चिकट माती आणखी विटेसारखी होते. काळी माती पाण्याने फुगते आणि वाळली की भेगा पडतात, म्हणून उतार घरापासून बाहेर ठेवा, नाहीतर पावसात लॉनचं तळं होईल. मग पहिले दोन-तीन चांगले पाऊस झाले की साध्या दूर्वेचे तुकडे चार-चार बोटांवर खोचा, गणपतीपर्यंत भरून येईल आणि बाप्पाला दूर्वा पण घरच्याच. झाडाच्या गडद सावलीत मात्र दूर्वा येत नाही, तिथे हट्ट करू नका.

कोथिंबिरीचं सांगते, धण्याच्या एका दाण्यात दोन बिया असतात, चपलेने हलकेच रगडून दोन फाका करा, रात्रभर भिजवा आणि उगवायला दहा-बारा दिवस लागतात तेवढा धीर धरा, पहिल्या वेळी तुम्ही बहुतेक आधीच उकरून बघितलं असणार. फुलावर आली ती उन्हाने, आता पेरायची तर जिथे फक्त सकाळचं ऊन येतं तिथेच पेरा आणि कोवळी असतानाच कापा. भाजीवाल्याकडच्या जुडीतल्या पुदिन्याच्या जाड काड्या ग्लासात ठेवा, आठ-दहा दिवसांत मुळं फुटतात, मग पसरट गमल्यात, अर्ध्या सावलीत, वरची माती ओलसर राहील एवढंच पाणी. खाली भोक हवं हं, मेलेल्या पुदिन्याची माती चिखल झाली होती का ते आठवून बघा.

पिटुनियाला औषध-बिषध आणू नका. तो हिवाळ्याचा पाहुणा, जायला निघालाय. तीच कुंडी चिनी गुलाबाला द्या, त्याच्या काड्या शेजारीपाजारी कोणीही देतं आणि मेच्या उन्हात तो हसतो. सदाफुली पण चालेल.

मोगऱ्याचं तुम्ही विचारलं नाही, पण इंदूरच्या घरात तो असणारच. छाटणी जानेवारीतच व्हायला हवी होती, आता कात्री लावलीत तर कळ्याच जातील, मूठभर शेणखत घाला आणि पाणी वाढवा.