साठ दिवस सुरू होण्याआधी

दांडिया बाजार, वडोदरा

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

परवा तुझा फोन आला तेव्हा तुझे बाबा माझ्यासमोरच बसले होते, म्हणून मोकळेपणानं बोलता आलं नाही. तुझ्या टीममधल्या तिघांना काढलं, हे तू मला सांगितलंस; घरी कुणालाच नाही. बायकोलासुद्धा नाही. म्हणून हे पत्र.

२००९ मध्ये माझी नोकरी गेली तेव्हा अमेरिकेत एच-१बीवाल्याला, म्हणजे कंपनीनं काढलेल्या कामाच्या व्हिसावर असणाऱ्याला, एका दिवसाचीही सवलत नव्हती. दुसरी नोकरी शोधायला किंवा देश सोडायला साठ दिवसांची मुदत २०१७ पासून मिळू लागली. पण ती नोकरी संपल्यापासून मोजतात; सेव्हरन्सचे, म्हणजे काढताना कंपनी देते ते पैसे येत राहिले म्हणून वाढत नाही. आणि आय-९४, म्हणजे कुठवर राहता येईल ती तारीख असलेली तुझ्या प्रवेशाची नोंद, त्याआधी संपत असेल, तर तीच तुझी शेवटची तारीख. पासपोर्टवरच्या व्हिसाच्या शिक्क्याकडे बघून निर्धास्त राहू नकोस. बायकोचा एच-४, म्हणजे जोडीदाराचा व्हिसा, तुझ्याच दर्जावर उभा आहे, म्हणून दोघांचे आय-९४ आजच काढून बघ. साठ दिवसांत नव्या कंपनीनं तुझ्यासाठी एच-१बीचा अर्ज दाखल केला तर उत्तमच. त्यासाठी वकील आत्ता गाठ, नोकरी असताना. एक मात्र करू नकोस: ‘बघू, होईल काहीतरी’ म्हणत राहून जाणं. आय-९४ची तारीख संपल्यावर १८० दिवसांहून जास्त राहून बाहेर पडलं की तीन वर्षं प्रवेश बंद होतो, वर्ष उलटलं तर दहा.

आता खरं सांगायचं ते. माझी मुलगी तेव्हा आठ वर्षांची होती. तिला त्रास नको म्हणून आम्ही ‘सुट्टीला आजीकडे चाललोय’ असं सांगितलं. तिनं मैत्रिणीचा निरोपही घेतला नाही, आवडती पुस्तकं तिथल्या कपाटात नीट लावून ठेवली. इथं आल्यावर सहा महिन्यांनी, कमाटीबागेत झोक्यावर बसलेली असताना तिनं विचारलं, ‘बाबा, आपली सुट्टी कधी संपणार?’ माझ्या तोंडून शब्द फुटेना. नंतर कितीतरी दिवस ती माझ्या साध्या बोलण्यावरही विश्वास ठेवत नव्हती. घर बदललं ते तिनं सहन केलं, फसवलेलं नाही केलं. तुझी लेकही सात-आठ वर्षांचीच आहे ना? तिला सांग. ‘कदाचित जावं लागेल, अजून ठरलेलं नाही, ठरलं की सगळ्यात आधी तुला सांगू,’ एवढंसुद्धा पुरतं. मुलं अनिश्चितपणा झेलतात रे, आपणच घाबरतो.

तुझी लेक तिथं जन्मली, म्हणजे अमेरिकन नागरिक. तिचं ओसीआय कार्ड, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला इथं राहायला मिळणारं कार्ड, काढलेलं नसेल तर आत्ताच अर्ज कर. तिचा पासपोर्टही बघ. सोळाच्या आतल्या मुलांचा पाचच वर्षं चालतो आणि नव्यासाठी आईबाप दोघांची संमती लागते. शाळेचे दाखले, लसीकरणाची नोंद एका फायलीत ठेव. आणखी एक, जे मला कुणी सांगितलं नव्हतं: गुजरातमध्ये २०२३ च्या कायद्यानं पहिली ते आठवी गुजराती सक्तीची आहे, बोर्ड कुठलंही असो. घरात मराठी आहे म्हणून भागणार नाही. पण तिला देवनागरी येत असेल तर गुजराती अक्षरं अवघड नाहीत, बरीचशी शिरोरेघ काढून टाकल्यासारखीच दिसतात. रोज दोन अक्षरं गिरवून घे.

पैशांचं थोडक्यात. ४०१(के), म्हणजे तिथलं निवृत्तीचं खातं, घाईनं मोडू नकोस, वयाच्या साडेएकोणसाठच्या आत पैसे काढले तर कर लागतोच, शिवाय काढलेल्या रकमेवर दहा टक्के दंड बसतो. सोशल सिक्युरिटीचे, म्हणजे तिथल्या सरकारी पेन्शनचे चाळीस क्रेडिट, म्हणजे साधारण दहा वर्षं भरली का, ते तपास. याबाबत भारताशी करार नसल्यानं इथली नोकरी त्यात धरली जात नाही. एच-१बीची मुदत संपण्याआधी कंपनीनं काढलं तर तुझ्या परतीच्या प्रवासाचा वाजवी खर्च तिनं द्यायला हवा. तो फक्त तुझा. बायको-मुलीची तिकिटं तुलाच काढायची आहेत, तेवढे पैसे बाजूला ठेव.

तुझ्या बाबांना मी काही बोललेलो नाही आणि बोलणारही नाही. ते वरच्या मजल्याला नवा रंग द्यायचा म्हणताहेत, का ते विचारलं तर उत्तर देत नाहीत. मला वाटतं, त्यांनी ओळखलंय.

आज रात्री बायकोशी बोल. मग रविवारी आमच्या सकाळी बाबांना फोन कर, मी शेव-उसळ घेऊन तिथेच असेन.

तुझा,
काका