बीममध्ये नवा नोड घातल्यावर आधी दिलेल्या लोडचे काय होते?

सहा मीटरच्या मुख्य बीमवर सगळे लोड देऊन झाले, नंतर दुय्यम बीम जोडण्यासाठी डाव्या टोकापासून दोन मीटरवर नोड (सॉफ्टवेअरमधल्या मॉडेलचा जोडबिंदू) घालावा लागला, तर आधीचे लोड तसेच राहतात की पुन्हा द्यावे लागतात, असे आपण विचारले आहे. मी पुण्यात इमारतींच्या स्ट्रक्चरल डिझाइनचे काम करतो. माझ्या मते याचे उत्तर सॉफ्टवेअरपेक्षा लोडच्या प्रकारावर अधिक अवलंबून आहे.

समान वितरित लोडची, म्हणजे बीमच्या लांबीभर सारख्याच असलेल्या लोडची, काळजी नसते. २३० मिमी जाडीच्या आणि २.६ मीटर उंचीच्या वीटभिंतीचा लोड सुमारे १२ किलोन्यूटन प्रति मीटर येतो. तोच आकडा नोडमुळे झालेल्या दोन आणि चार मीटरच्या दोन्ही तुकड्यांवर गेला की २४ आणि ४८ मिळून पूर्वीचेच ७२ किलोन्यूटन होतात. पॉइंट लोडमध्ये, म्हणजे एकाच बिंदूवर येणाऱ्या लोडमध्ये, मात्र अंतर कोणत्या टोकापासून मोजले आहे याला महत्त्व येते. डाव्या टोकापासून ३.५ मीटरवर असलेला लोड आता दुसऱ्या तुकड्याच्या सुरुवातीपासून १.५ मीटरवर दिसला पाहिजे आणि पहिल्या तुकड्यावर तो मुळीच असता कामा नये.

खरी अडचण त्रिकोणी आणि समलंब, म्हणजे लांबीनुसार कमी-जास्त होणाऱ्या, लोडची आहे. डावीकडे शून्य आणि उजवीकडे १८ किलोन्यूटन प्रति मीटर असा त्रिकोणी लोड असेल, तर तोडल्यावर पहिल्या तुकड्यावर ० ते ६ आणि दुसऱ्यावर ६ ते १८ असा लोड यायला हवा. त्याऐवजी दोन्ही तुकड्यांवर ० ते १८ असाच लोड उतरला, तर एकूण लोड १८ अधिक ३६, म्हणजे ५४ किलोन्यूटन भरतो, आणि योग्य बेरीजही नेमकी ५४ च आहे. म्हणूनच ‘रिॲक्शनची (आधारांनी दिलेल्या प्रतिक्रिया-बलांची) बेरीज जुळली की झाले’ हा आपल्याकडच्या कार्यालयांत सर्रास दिला जाणारा सल्ला मला अपुरा वाटतो. साध्या आधारावरच्या बीमला डावीकडे १८ आणि उजवीकडे ३६ किलोन्यूटन रिॲक्शन यायला हवी. चुकीच्या वाटपात ती २२ आणि ३२ येते. त्यामुळे दुय्यम बीम जोडण्यापूर्वी, केवळ नोड घालून एकदा विश्लेषण करावे आणि प्रत्येक टोकाची रिॲक्शन व बेंडिंग मोमेंटचा (बीम वाकवणाऱ्या आघूर्णाचा) आलेख जुन्या निकालाशी ताडून पाहावा. नोडपाशी बीम अखंड असेल, तर दोन्हींत काहीही फरक पडायला नको. फरक पडलाच, तर लोडबरोबर एंड रिलीजही (टोकाला फिरण्याची दिलेली मोकळीक) तपासावेत, कारण मूळ बीमच्या टोकाचा रिलीज नव्या नोडपाशी आला की तिथे बिजागरी तयार होते.

दुय्यम बीम जोडल्यानंतरचा प्रश्न वेगळा आहे, आणि लोड हाताने दिले असतील तर तो सॉफ्टवेअर आपल्यासाठी सोडवत नाही. त्या बीमचा भार आपण आधी हाताने पॉइंट लोड म्हणून दिला असेल, तर तो आता काढून टाकला पाहिजे, नाहीतर एकच भार दोनदा मोजला जाईल. शिवाय नव्या बीममुळे स्लॅबचे पॅनेल विभागले जाते. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे दोन्ही दिशांना भार वाहणाऱ्या (टू-वे) स्लॅबचा भार कोपऱ्यांतून ४५ अंशांच्या रेषा काढून बीमांवर वाटतात. पॅनेल बदलले की ते त्रिकोण आणि समलंब चौकोन मुळातूनच बदलतात. अशा वेळी हाताने दिलेला जुना लोड अचूक विभागला गेला तरी तो चुकीचाच असतो, आणि नव्याने मोजून देण्याला पर्याय नसतो.

ईटॅब्स आणि स्टॅड ही अशा विश्लेषणाची दोन सॉफ्टवेअर. ईटॅब्समध्ये बहुधा बीम तोडण्याची गरजच पडत नाही, कारण मॉडेलमध्ये तो एकच घटक राहतो आणि विश्लेषणापुरती विभागणी सॉफ्टवेअर आतल्या आत करते. स्टॅडमध्ये मेंबर नोडपाशीच जोडले जातात, त्यामुळे तिथे तोडणे अटळ आहे. तिथे बीम पोलादी असल्यास आणखी एक गोष्ट पाहावी. एलझेड ही बकलिंगच्या (दाबाखाली बाजूला वाकण्याच्या) तपासणीसाठी धरायची लांबी आपण दिली नाही, तर सॉफ्टवेअर तुकड्याचीच लांबी धरते. ती सहा मीटर द्यावी आणि डिफ्लेक्शनच्या (बीम खाली झुकण्याच्या) तपासणीसाठी डीजे१ व डीजे२ या पॅरामीटरमध्ये मूळ बीमच्या दोन टोकांचे नोड लिहावेत.