‘समाजसेवेची शिक्षा’ की आणखी काही?

प्रश्न असा आहे: एका बातमीचं भाषांतर करताना ‘कोर्टाने आरोपीला कम्युनिटी सर्व्हिस ठोठावली’ असं वाक्य आलं. इथे समाजसेवा म्हणावं, सामुदायिक सेवा की श्रमदान? आणि ती माणूस ‘भोगतो’ की ‘करतो’?

आधी एक किरकोळ दुरुस्ती. शिक्षा होते ती दोषी ठरल्यावर, म्हणून ‘आरोपीला’ नको, ‘दोषीला’ हवं.

श्रमदान लगेच बाद. दान हुकमाने होत नाही. ‘समाजसेवा’ अर्थाने जवळचा, पण तो शब्द आपण मानपत्रांत आणि निवडणुकीच्या पत्रकांत इतका वापरून ठेवलाय की ‘त्यांना समाजसेवेची शिक्षा झाली’ हे वाक्य विनोदीच वाटतं. ‘सामुदायिक सेवा’ हिंदी कायद्यातून आपल्याकडे आलाय. मराठी कानाला मात्र ‘सामुदायिक’ म्हणजे अनेकांनी मिळून केलेलं: सामुदायिक विवाह, सामुदायिक प्रार्थना. इथे तर एकटा माणूसही झाडू मारत असेल. समुदाय आहे तो लाभ घेणारा.

कायदा काय म्हणतो ते पाहू. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 4 मध्ये ही शिक्षा प्रथमच आली. जुन्या दंडसंहितेत ती नव्हती. दारू पिऊन सार्वजनिक ठिकाणी गैरवर्तन, बदनामी, पाच हजारांहून कमी किमतीची पहिलीच चोरी (माल किंवा त्याची किंमत परत केली तर) अशा मोजक्या गुन्ह्यांना ती देता येते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (म्हणजे फौजदारी खटले कसे चालवायचे ते सांगणाऱ्या कायद्याच्या) कलम 23 मधली व्याख्या तर सरळच आहे: समाजाच्या फायद्याचं, न्यायालयाने करायला लावलेलं आणि मोबदला न मिळणारं काम.

मोबदला नाही, सक्ती आहे, म्हणजे ही वेठच की! असं कुणी म्हणेल. पण वेठ राबवून घेणाऱ्याच्या घशात जाते, शिवाय ती गुन्हा न करताच नशिबी येते. गंमत ‘सक्तमजुरी’ची आहे. नाव इतकं कडक, पण त्या कैद्याला कामाचे पैसे मिळतात. ते रास्त असावेत असं सर्वोच्च न्यायालयाने 1998 साली सांगितलंय. सौम्य मानल्या जाणाऱ्या या नव्या शिक्षेत मात्र दमडीही नाही.

इंग्लंडमध्ये 1972 च्या कायद्याने ‘कम्युनिटी सर्व्हिस ऑर्डर’ आली, पण ‘सर्व्हिस’ तिथेही टिकली नाही. आधी तिचं ‘कम्युनिटी पनिशमेंट’ झालं, मग 2003 च्या कायद्यात थेट ‘अनपेड वर्क’.

म्हणून माझं मत ‘समाजोपयोगी काम’ला. ‘सेवा’ काढली की अर्धी अडचण मिटते. कायद्याचं कलमच उद्धृत करायचं असेल तर तिथला शब्द बदलू नका; बातमीत मात्र मोकळीक घ्या.

राहिलं क्रियापद. कैद भोगतात, दंड भरतात, काम करतात. ‘ठोठावणे’ दंडाला आणि कैदेला शोभतं. काम ठोठावता येत नाही. तेव्हा: ‘न्यायालयाने दोषीला समाजोपयोगी काम करण्याची शिक्षा सुनावली’. आणि कामाचे नेमून दिलेले तास संपल्यावर ‘त्याने शिक्षेचं काम पुरं केलं’. ‘भोगलं’ नको.